आधी चढ, मग दिवस, मग पैसे

कोकण किनाऱ्याने सायकलवर गोव्याला जायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती सायकल कोणती घ्यावी आणि खर्च किती येईल याची. हे दोन्ही प्रश्न खरं तर शेवटी विचारायचे आहेत. खर्च ठरतो दिवसांवर, आणि दिवस ठरतात चढांवर आणि खाड्यांवर. मांडवा ते पणजी हे अंतर, किनाऱ्याला धरून गेलं तर, सहाशे किलोमीटरच्या घरात भरतं. ‘रोज शंभर, म्हणजे सहा दिवस’ असा हिशोब मांडून रजा टाकणारे पुष्कळ असतात. त्यातल्या बऱ्याच जणांची घडी गुहागरच्या अलीकडेच विस्कटते.

कारण हा किनारा सपाट नाही. गाव खाडीच्या काठी, समुद्रसपाटीला. गाव सोडलं की रस्ता वळणं घेत शंभर-दीडशे मीटर वर चढतो आणि सड्यावर येतो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार: सावली नाही, पाणी नाही, दुतर्फा काळवंडलेला कातळ आणि वाळलेलं गवत. दोन-चार किलोमीटर सड्यावरून गेलं की तितकाच तीव्र उतार, खाली पुन्हा माडा-पोफळीचं गाव, पुन्हा खाडी, पुन्हा चढ. हे दिवसातून पाच-सहा वेळा होतं. यातला एकही चढ ताम्हिणी किंवा आंबोलीसारखा मोठा नाही, म्हणून नकाशावर तो डोळ्यात भरत नाही. पण संध्याकाळी बेरीज केली तर साठ-सत्तर किलोमीटरमध्ये हजार-बाराशे मीटरची चढाई झालेली असते. ही बेरीज घरी बसून करता येते. मार्ग आखून देणाऱ्या कुठल्याही अॅपमध्ये रोजच्या टप्प्याची एकूण चढाई दिसते. किलोमीटरच्या शेजारी तो आकडा लिहायचा, आणि नियोजन त्या आकड्यावर करायचं.

वेळेचा ठोकताळा असा: सामान लादलेल्या सायकलला सपाटीवर ताशी पंधरा किलोमीटर धरा आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जादा धरा. सत्तर किलोमीटर आणि बाराशे मीटर म्हणजे पावणेपाच तास अधिक दोन, पावणेसात तास नुसतं पॅडलिंग. त्यात नाश्ता, जेवण, फेरीबोटीची वाट पाहणं, एखादं पंक्चर, फोटो असे अडीच-तीन तास घाला. डिसेंबरात कोकणात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवस भरला. शंभर किलोमीटरचा टप्पा या दिवसात बसतच नाही, पाय कितीही तयार असले तरी. अंधारात सड्यावरून उतरणं मात्र मुळीच करू नये. चिरेखाणीतून जांभ्याचे चिरे भरून निघालेले ट्रक आणि डंपर तिथे सुसाट असतात, आणि वळणावर सांडलेली लाल खडी दिव्याच्या उजेडात वेळेवर दिसत नाही.

दुसरी गोष्ट खाड्यांची. या मार्गावर पाच ठिकाणी बोटीने जावं लागतं: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड आणि शेवटी गोव्याच्या वेशीवर तेरेखोल–केरी. स्थानिक लोक या फेरीबोटीला जंगलजेट्टी म्हणतात. रस्ता विचारताना तोच शब्द वापरला तर पटकन उत्तर मिळतं. प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा, सायकलसकट माणसाचं तिकीट पन्नास रुपयांच्या आत धरून चाला. पैशांच्या हिशोबात ही रक्कम नगण्य आहे, दिवसाच्या हिशोबात नाही. दाभोळची बोट बंद असेल तर गुहागरला जायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा आहे, म्हणजे दीड दिवस गेला. बोटी सहसा सकाळी लवकर सुरू होतात आणि रात्रीपर्यंत चालतात, पण भरती-ओहोटी, इंजिनाची दुरुस्ती, वादळी वारा यांनी फेऱ्या रद्द होतात. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरमालकाला विचारायचं. त्याला खात्रीशीर माहीत असतं. रेवस–रेड्डी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधायची कामं सुरू आहेत. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनातला मार्ग तसाच धरून चालू नये. पुलाच्या कामासाठी जेट्टीकडचा रस्ता वळवलेला असू शकतो.

जेट्टीवर सायकल ढकलतच न्यावी. ओहोटीच्या वेळी उताराचा खालचा भाग उघडा पडतो, आणि पाण्याखाली राहणाऱ्या त्या काँक्रीटवर हिरवं-काळं शेवाळ असतं. चाक आडवं सरकलं की मागच्या सामानाचं वजन सायकलला सोबत घेऊन खाली जातं. मागचा ब्रेक धरून, पाय तिरपे टाकत उतरायचं. बोटीवर सायकल कठड्याला टेकवून दोन्ही ब्रेकची लिव्हर रबरबँडने आवळून ठेवली की ती गाड्यांच्या मध्ये सरकत नाही.

आता टप्पे. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, घ्यावी, म्हणजे पनवेल-पेणची अवजड वाहतूक पूर्ण टळते. पुणेकर ताम्हिणी उतरून माणगावमार्गे दिवेआगरला मिळू शकतात. मग पहिला टप्पा बदलतो, बाकी तसंच राहतं. मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरुड; हा दिवस सोपा आहे आणि सोपाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याची बोट, मग दिवेआगर, शेखाडीचा अगदी समुद्राला खेटून जाणारा रस्ता, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याची बोट, केळशी, आंजर्ले, हर्णै आणि पुन्हा मुरुड. मुरुड दोन आहेत: एक रायगडातलं जंजिऱ्याचं, दुसरं दापोलीजवळचं. खोली आरक्षित करताना फोनवर ‘दापोली-मुरुड’ असं स्पष्ट म्हणावं, नाहीतर पैसे एका गावात आणि आपण दुसऱ्या.

चौथा दिवस, दापोली-मुरुड ते गुहागर, पन्नासच किलोमीटरचा, आणि सगळ्या मार्गात सर्वांत फसवा. कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ या पट्ट्यात रस्ता सतत वरखाली होतो आणि डांबर जागोजागी उखडलेलं असतं. इथे अंतर वाढवायचा मोह टाळावा. पाचव्या दिवशी हेदवी, तवसाळची बोट, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. सहाव्या दिवशी आरे-वारेचा घाट उतरून रत्नागिरी, पुढे पावस. सातव्या दिवशी पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग. मग देवगड-कुणकेश्वर-आचरा करत मालवण, नंतर परुळ्यावरून वेंगुर्ले, आणि दहाव्या दिवशी शिरोडा, तेरेखोलची बोट, केरी, पणजी. हे दहा दिवस सायकलचे. त्यात जोडायचा अकरावा दिवस वाटेत मालवणला पूर्ण विश्रांतीचा, आणि बारावा मोकळा: कुठल्याही गावाच्या नावावर न टाकलेला. बोट बंद पडली, पोट बिघडलं, मागचं चाक वाकलं, तर तो दिवस वापरायचा. नोव्हेंबरात निघणाऱ्यांनी तर तो नक्कीच ठेवावा. अरबी समुद्रातली वादळं पावसाळा संपल्यावरही येतात. २००९ सालचं फयान नोव्हेंबरातच कोकणावर आलं होतं.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवावी. हिवाळ्यात सकाळचा वारा जमिनीवरून असतो, आणि दुपारनंतर वायव्येकडून समुद्रावरून जोराचा वारा सुटतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी किंवा तिरपा मागून लागतो. उलटं आलं तर रोज दुपारी, पाय दमलेले असताना, तो तोंडावर येतो.

आता पैसे. खालचे आकडे दोघं एका खोलीत राहतील असं धरून, माणशी आहेत. आपल्या ओळखी आणि आवडीप्रमाणे ते खालीवर करता येतील. आडवारी घरगुती मुक्कामाची साधी खोली सोळाशेच्या आसपास धरली तर माणशी आठशे, अकरा रात्रींचे आठ हजार आठशे. खाणं दिवसाला साडेसातशे: सकाळचे पोहे-चहा ऐंशी, दुपारचं आणि रात्रीचं ताट अडीचशे-अडीचशे, केळी, शहाळं, कोकम सरबत, पाणी यांचे एकशे सत्तर. बारा दिवसांचे नऊ हजार. बोटींचे तीनशे. परतीची रेल्वे, सायकलचं भाडं, पॅकिंग आणि हमाली मिळून दीड हजार. निघण्यापूर्वीची सर्व्हिसिंग आणि सुटे भाग चार हजार. बेरीज तेवीस हजार सहाशे. त्यावर पंधरा टक्के राखीव, म्हणजे सुमारे साडेतीन हजार. एकूण सत्तावीस हजार. एकट्याने जाणाऱ्याला पूर्ण खोलीचे पैसे पडतात, म्हणजे आणखी आठ हजार आठशे.

या हिशोबात लक्ष द्यायचा आकडा सत्तावीस हजार नाही, साडेपंधराशे आहे. राहणं आणि खाणं मिळून एका जादा दिवसाची किंमत तेवढीच आहे. दिवस कमी करून वाचतात ते एवढेच पैसे. उलट चाळीस किलोमीटर बाकी असताना अंधार पडला आणि सायकली चढवायला टेम्पो बोलवावा लागला, तर एका फेरीत दीड-दोन हजार सहज जातात, शिवाय पुढच्या गावची आगाऊ भरलेली खोली बुडते. म्हणून काटकसर करायचीच असेल तर ती दिवसांत करू नये. नव्या जर्सीत करा, हलक्या कार्बनच्या वस्तूंत करा, महागड्या बॅगांत करा.

तंबू घ्यावा का, हा प्रश्न नेहमी येतो. या मार्गासाठी उत्तर नाही असं आहे. तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग मिळून चार-पाच किलो होतात, आणि ते रोज हजार मीटर वर चढवायचे असतात. किनाऱ्यावर परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही, रात्री घाम आणि सकाळी दव यांनी सगळं ओलं होतं, आणि दर दहा किलोमीटरवर घरगुती राहण्याची सोय आहे. लडाखला जाणाऱ्याने तंबूचा विचार करावा, कोकणात नको.

मात्र एका गोष्टीवर खर्च करताना हात आखडू नये: हलक्या गिअरवर. हिशोब मांडून बघा. माणूस सत्तर किलो, सायकल चौदा, सामान अकरा, एकूण पंच्याण्णव किलो. रेसिंगच्या धाटणीच्या सायकलला पुढचं लहान चक्र ३४ दातांचं आणि मागचं सर्वांत मोठं २८ दातांचं असतं. ७०० × ३५ टायरवर एका पॅडल-फेरीत ती साधारण २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेनऊ. दहा टक्के चढावर हा वेग ठेवायला अडीचशे वॉटहून जास्त शक्ती लागते. ती हौशी सायकलस्वाराला पाच-दहा मिनिटांहून अधिक टिकत नाही. मग फेऱ्या चाळीसवर येतात, माणूस उभा राहून दाबतो, आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. पुढे २८ आणि मागे ३४ दात असतील तर तीच फेरी १.८ मीटरची होते, वेग ताशी साडेसहाच्या आत, आणि लागणारी शक्ती पावणेदोनशे वॉटच्या आसपास. हेही कठीणच आहे, पण बसून करता येतं. मागचा कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) बदलताना नवं मोठं चक्र आपल्या रिअर डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) झेपतं का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावं, आणि चेनची लांबीही त्याच वेळी वाढवून घ्यावी. आखूड चेन मोठ्या-मोठ्या जोडीवर ताणली गेली तर डिरेलर तुटतो. पुण्यातल्या माणसाने पूर्ण सामान लावून सिंहगडाचा डांबरी रस्ता सलग दोन दिवस चढून बघावा. दुसऱ्या दिवशी बसून चढता आलं तर गिअर बरोबर आहे.

सुट्या भागांत काय न्यायचं हे गावात काय मिळत नाही यावरून ठरवावं. तालुक्याच्या दुकानात साध्या सायकलची ट्यूब, सोल्युशन, पॅच, नट-बोल्ट, ऑइल मिळतं. ७०० मापाची ट्यूब, बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह, नऊ-दहा स्पीडची चेन, डिस्क ब्रेकचे पॅड रत्नागिरी सोडलं तर मिळतील असं धरू नये. म्हणून दोन ट्यूब, एक डझन पॅच, टायर लिव्हर, पंप, चेन तोडायचं हत्यार, आपल्या स्पीडच्या दोन क्विक-लिंक (चेन जोडायच्या सुट्या कड्या), एक गिअर केबल, ब्रेक पॅडची एक जोडी, आणि आपल्याच फ्रेमचा डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. हा हँगर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग आहे. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो, आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असल्याने दुसऱ्याचा चालत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतो तो कॅरियरचा बोल्ट. खडबडीत उतारांवर दोन-तीन दिवसांत तो सैल होतो, मग एका बाजूने वजन लटकतं, आणि उरलेला बोल्ट फ्रेमच्या आट्यात तुटून बसतो. बसवताना आट्यांना निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावावं, रोज सकाळी अॅलन कीने चारही बोल्ट तपासावेत, आणि एम-५ मापाचे चार जादा बोल्ट व डझनभर केबल टाय जवळ ठेवावेत. स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा, कारण कॅसेटला जागा देण्यासाठी त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात. तो बदलायला कॅसेट काढावा लागतो आणि ते हत्यार गावात नसतं. त्यावर उपाय निघण्यापूर्वीचा: चाक सामानाच्या वजनाला तपासून, ताण सारखा करून घ्यायचा. नवी चेनही घरीच टाकावी. बारा इंचांत एक-षोडशांश इंच ताणलेली चेन बदलायला आलेली असते. तिच्यावर पुढे रेटलं तर कॅसेटचे दात खाल्ले जातात आणि चेनचा खर्च चौपट होतो.

ओहोटीला गुहागरची किंवा दिवेआगरची वाळू डांबरासारखी टणक होते आणि तिच्यावरून सायकल हाकायचा मोह होतो. अवश्य हाकावी, आनंद मोठा आहे. फक्त त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने, जोराचा फवारा न मारता, चेन, डिरेलर आणि ब्रेक धुवावे, फडक्याने कोरडे करावे आणि तेल द्यावं. एक रात्र तसंच सोडलं तर सकाळी चेनवर तांबूस गंज दिसतो.

पाण्याचा हिशोब सड्यावर करायचा. तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, उन्हात जास्त. गाव सोडण्यापूर्वी दोन्ही बाटल्या आणि एक जादा लिटर भरून घ्यावं, दिवसातून एकदा ओआरएसचं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात घालावं. घट्ट केलं तर मळमळतं. जेवणाचंही आधीच बघावं लागतं. घरगुती खानावळीत ऑर्डरप्रमाणेच रांधतात. दुपारी अडीचला अचानक जाऊन उभं राहिलं तर भात संपलेला असतो. सकाळी दहाच्या आत फोन करून ‘दोन ताटं, दीडपर्यंत येतो’ असं सांगावं. खाडीत उतरलं की रेंज जाते, त्यामुळे फोन सड्यावरूनच करावा. त्याच कारणाने मोबाइलवरून पैसे देण्यावर विसंबू नये; चार-पाच हजार रोख, त्यातले हजारभर सुट्ट्या नोटांत, जवळ असावेत.

तारखा बघताना नुसता शनिवार-रविवार टाळून भागत नाही. नाताळ ते नववर्ष खोल्यांचे भाव दुप्पट होतात. अंगारकीला गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा नसते. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन दरवर्षी तारीख जाहीर होते, आणि त्या दोन-तीन दिवसांत मालवण परिसरात खोली मिळत नाही. फेब्रुवारीत मालवण गाठणार असाल तर आधी ती तारीख शोधा, मग बाकीच्या तारखा लावा. शिमग्यात पालख्या फिरतात, वाटेत पोरं पोस्त (शिमग्याची वर्गणी) मागायला दोरी धरून उभी असतात. दहा-दहाच्या नोटा ठेवल्या की पुढे जायला उशीर होत नाही. एकंदरीत डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि मकरसंक्रांतीनंतरचे तीन आठवडे सगळ्यात चांगले.

परतीचं नियोजन लोक शेवटावर टाकतात आणि तिथेच पैसे सांडतात. रेल्वेने यायचं तर मडगावहून यावं. जिथे गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते तिथे सामानाच्या डब्यात सायकल चढवून घेणं अवघड जातं. आपल्याच गाडीतून सायकल यायला हवी असेल तर पार्सल कार्यालयात ‘लगेज’ म्हणून बुक करायची. ‘पार्सल’ म्हणून टाकली तर ती मागाहून, जागा होईल त्या गाडीने येते. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्राची प्रत घेऊन गाडीच्या तीन तास आधी पोचावं. मागचा गिअर सर्वांत मोठ्या चक्रावर घ्यावा, म्हणजे डिरेलर आत सरकतो. पॅडल काढावीत; डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. डिरेलर आणि ब्रेक डिस्कवर पुठ्ठा बांधावा, दिवा, बाटल्या, पंप काढून घ्यावेत, आणि उतरण्याचं स्टेशन, नाव, पीएनआर मार्करने दोन्ही बाजूंनी लिहावं. पावती खिशात ठेवावी, बॅगेत नको. उतरण्याच्या स्टेशनवर गाडी थांबताच सामानाच्या डब्याशी कुणीतरी उभं राहायला हवं, म्हणून दोघांपैकी एकाची जागा शक्यतो त्या डब्याच्या जवळ घ्यावी.